जावक रजिस्टरचा शेवटचा रकाना

फॅक्स म्हटलं की हल्ली लोक हसतात. हसोत बापडे. बंदराच्या फाटकावर बसणारे कारकून मात्र हसत नाहीत. त्यांना कागद लागतो, कागदावर सही-शिक्का लागतो, आणि वरच्या कडेला पाठवल्याची तारीख-वेळ छापलेली लागते. तरच माल बाहेर पडतो. हेड ऑफिसचंही तेच. तिथल्या कुणा थोर माणसाने कधीकाळी ठरवून टाकलं होतं की ईमेल कोणीही कुणाच्याही नावाने पाठवतो, फॅक्स मात्र खोटं बोलत नाही. तो थोर माणूस निवृत्त होऊन घरी बसला, पण त्याचा नियम अजून नोकरीत आहे.

या नियमाच्या जिवावर मालाची कागदपत्रं पाठवणाऱ्या एका ऑफिसात तारमास्तर सहा वर्षं अडकून पडला होता. तारमास्तर हे त्याला ऑफिसने दिलेलं नाव. पूर्वी पोस्टात तारा पाठवणारे असत, तसा हा फॅक्स पाठवणारा, एवढाच त्याचा अर्थ.

खरं तर तो स्वतः काही पाठवत नसे. त्याने पाठवायची सोय करून ठेवली होती. साहेबांच्या केबिनसमोर जिन्याखाली झाडू-बादल्यांची एक खोली होती. तिथे त्याने भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर मांडला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं, शेजारी मोडेम ठेवला आणि टेलिफोनची तार त्यात खोचली. लिनक्स फुकट मिळतं हे ऐकल्यावर साहेबांनी पुढचं काही ऐकलंच नव्हतं, लगेच होकार दिला. मग छताखालून तारा ओढून त्याने सगळी टेबलं लोकल नेटवर्कने त्या खोलीशी जोडली. आता कुणीही आपल्या जागेवरून प्रिंट काढतात तसं करायचं, प्रिंटरच्या यादीत ‘फॅक्स’ निवडायचं, छोटी खिडकी नंबर विचारेल तो द्यायचा, की झालं. कागद तारेतून जिन्याखाली जाई, रांगेत उभा राही आणि पाळी आली की मोडेम किरकिरत नंबर फिरवी. सगळ्यांच्या पडद्यावर यादी दिसे. ‘रांगेत’, ‘चाललाय’, आणि शेवटी हिरव्या अक्षरात ‘गेला’ किंवा लाल अक्षरात ‘नाही गेला’.

लाल अक्षरांनीच घात केला. फॅक्ससाठी टेलिफोनची लाइन एकच, तीही जुनी, आणि समोरच्यांच्या लाइनी सदा गुंतलेल्या. एका दुपारी यादीत एकाखाली एक सात लाल ओळी आल्या आणि साहेब घाम पुसत बाहेर आले.

“हे लाल मला दिसता कामा नये,” साहेब म्हणाले. “माझं ब्लडप्रेशर वाढतं.”

“साहेब, दुसरी लाइन घेतली तर होईल.”

“घेऊ. पुढच्या महिन्यात घेऊ. तोवर काहीतरी कर.”

तारमास्तर तेव्हा नवा होता आणि साहेबांची मर्जी हवी होती. त्याने चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. तीन वेळा नंबर फिरवूनही कागद गेला नाही, तर यादीत सगळ्यांना हिरवं ‘गेला’ दिसायचं आणि खरी खबर गुपचूप फक्त तारमास्तरच्या जिन्याखालच्या पडद्यावर यायची, एका पिवळ्या चौकोनात. मग तो कागद तो पुन्हा पाठवायचा, जाईपर्यंत पाठवायचा. पुढचा महिना येईपर्यंतचीच तर गोष्ट होती. पुढचा महिना काही आला नाही. चार ओळींत माणूस स्वतःला सहा वर्षांची सजा लिहून घेऊ शकतो हे त्याला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

त्या दिवसापासून साहेबांचं ब्लडप्रेशर उतरलं आणि तारमास्तरच्या पायात बेडी पडली. रोजचे दहा-बारा पिवळे चौकोन. रजा घेतली तर चौकोन साचत आणि माल फाटकावर अडे, म्हणून रजा नाही. आजारी पडला तरी मफलर गुंडाळून हजर. ऑफिसला वाटे, काय चोख मशीन आहे, कधी चुकत नाही. आणि बायको-मुलगी रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. बायको तिथल्या शाळेत शिक्षिका, तिची बदली होणं शक्य नव्हतं. तो महिन्यातून दोन रविवार जाई. लेक तीन वर्षांची होती तेव्हा इथे आला, आता ती नऊ वर्षांची झाली होती. गेल्या खेपेला त्याने पिशवी खाली ठेवली तशी तिने विचारलं, “बाबा, किती दिवस आहात?” पाहुण्याला विचारतात तसं, अगदी अदबीने. त्याला त्या अदबीचंच जास्त लागलं.

मग कंपनीने बायकोच्या गावी शाखा काढली. जागा एक. अर्ज आपापल्या साहेबांच्या संमतीच्या सहीनिशी फॅक्सने हेड ऑफिसला, महिन्याभरानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. पाचपर्यंत साहेबांना संमती देता येई, दिलेली मागेही घेता येई. पाचला गठ्ठा बांधून वर जाई, आणि मग कुणाच्याही शब्दाला किंमत नसे.

“तू माझा उजवा हात,” साहेब म्हणाले होते. “हात कुणी पाठवून देतं का? बरं, एक महिना या मशीनला हात न लावता दाखव. तुझ्याशिवाय चाललं, तर सही करीन.”

माणूस वाईट नव्हता. त्यांना तारमास्तर खरंच आवडायचा, आणि सगळा घोळ त्या आवडण्यातच होता. वाईट साहेबाशी भांडता तरी येतं.

मशीन जावकबाईंच्या हवाली झालं. आवक-जावकच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसलेल्या या बाई. सहीचा कागद स्कॅन करून पाठवायचं काम त्यांचंच. शिवाय प्रत्येक गेलेल्या कागदाची नोंद त्या अजूनही लाल कापडी पुठ्ठ्याच्या रजिस्टरात हाताने करत, रकाने पट्टीने आखून. पडद्यावर यादी असताना हा कुटाणा कशाला, असं तारमास्तरने एकदा विचारलं होतं. “सवय,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यांची दुसरी सवय फोनची. दिवसभर रिसीव्हर खांद्यात धरून “हो का? बरं बरं, तुमचं नाव काय म्हणालात?” असं चाललेलं. ऑफिसात सगळे हसत, की बाईंना नातेवाईक फार.

त्यांना चार ओळींचं गुपित सांगायची तारमास्तरची छाती झाली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. दिवसभर तो हाताची घडी घालून खुर्चीत बसे, आणि सगळे घरी गेले की पिवळे चौकोन एकेक करून निस्तरी. महिना पार पडला. मधे दोन-तीन व्यापाऱ्यांनी तक्रार केली की तोच कागद दोनदा आला. साहेब म्हणाले, “एकदाही न येण्यापेक्षा दोनदा बरा.” दोनदा का आला हे तारमास्तरला उलगडलं नाही, आणि त्याने फार खोलात जायचं टाळलं. चोराने दुसऱ्याच्या पावलांचा माग काढायचा नसतो.

शुक्रवार उजाडला. साहेबांनी सही करायला चार वाजवले.

“आज याचाच मान,” साहेबांनी जाहीर केलं. “बाकीचे कागद थांबवा.”

जावकबाईंनी अर्ज स्कॅन केला, हेड ऑफिसचा नंबर दिला. सगळे टेबलाभोवती जमले. ‘चाललाय’. मोडेम जिन्याखाली किरकिरला, थांबला. पुन्हा किरकिरला, थांबला. तिसऱ्यांदा किरकिरला. चार वीसला हिरवं अक्षर उमटलं. गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचे डोळे खरंच ओले झाले, आणि तारमास्तरच्या खांद्यावर हात टाकून ते त्याला केबिनमध्ये घेऊन गेले.

खुर्चीत बसताना त्याने काचेतून सहज समोर पाहिलं. जिन्याखालच्या खोलीचं दार नेहमीसारखं सताड उघडं होतं, कारण मशीन तापायचं. आतल्या पडद्यावर एक पिवळा चौकोन उघडला होता.

इतर सगळे कागद थांबवले होते. चौकोन एकाच कागदाचा असू शकत होता.

शेवटचा दिवस, सगळ्या शाखांचे अर्ज, हेड ऑफिसची लाइन गुंतलेली असणारच. पुन्हा पाठवायला दहा मिनिटं पुरली असती, पण त्या दहा मिनिटांसाठी उठायचं कसं? अर्ज गेला नाही असं सांगावं, तर साहेब विचारणार, हिरवं दिसतंय त्याचं काय? मग चार ओळी बाहेर येणार, महिन्याची परीक्षा खोटी ठरणार आणि सही जाणार. न सांगावं, तर अर्जच जाणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे साहेबांनी थर्मास उघडलेला.

“घे. निवांत पी. आज तुला काही काम नाही.”

“साहेब, जरा मशीन बघून येऊ? दोन मिनिटं.”

“बस रे. आता ते बाईंचं मशीन.”

चहा कढत होता. मोबाइलही त्या खोलीतच चार्जिंगला लावलेला. साहेब सांगत होते की तो आला तेव्हा कसा काटकुळा होता, कसा घाबरून बोलायचा. काचेपलीकडे जावकबाई फोनवर होत्या. रिसीव्हर खांद्यात, हातात पेन, मान डोलावत. ही बाई आजच्या दिवशीसुद्धा मावस-चुलत नात्यांची खबर घेत बसली आहे. तारमास्तरला तिचा इतका राग आला की त्याची त्यालाच लाज वाटली. मग त्या कीबोर्डवर वाकल्या आणि खांबाआड दिसेनाशा झाल्या.

साडेचार.

“साहेब, मोडेम गरम झाला असेल. बंद करून येतो, लगेच येतो.”

“बाई करतील.”

चार पस्तीस. तो अर्धवट उठला, पुन्हा बसला. कप बशीत वाजला. मोडेमची किरकिर ऐकू येते का म्हणून त्याने कान लावले, पण साहेबांच्या पंख्यापुढे काही ऐकू येत नव्हतं. चौकोन तिथेच होता. आपण लिहिलेल्या चार ओळी आपल्याकडेच पाहत बसल्या आहेत, असं त्याला वाटलं.

“साहेब, फक्त एकदा. मला राहवत नाही.”

साहेबांनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू काळजीत बदललं.

“तू महिनाभर हात लावला नाहीस, तो माझ्या समाधानासाठी,” ते म्हणाले. “पण तुझाच भरवसा नाही त्याच्यावर. वीस मिनिटांत तीनदा उठायला निघालास. तुला आतून ठाऊक आहे की तुझ्याशिवाय हे चालणार नाही. आणि मी खुळ्यासारखा सही करून बसलो.”

“नाही साहेब, तसं नाही.”

“मग कसं आहे?”

कसं आहे ते सांगायचं म्हणजे चार ओळी सांगायच्या. गप्प राहून त्याने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. साहेबांनी लेटरहेड ओढलं आणि दोन ओळी लिहिल्या. सदर कर्मचाऱ्याची शाखेस नितांत आवश्यकता असल्याने दिलेली संमती मागे घेत आहे. खाली सही, शिक्का.

“रागावू नकोस. पुढल्या वर्षी बघू. घरच्या माणसाला असं कोणी सोडतं का?”

चार सत्तेचाळीसला तो कागद जावकबाईंच्या टेबलावर होता. बाईंनी तो एकदा वाचला, मग चष्म्यावरून साहेबांकडे पाहिलं.

“नक्की ना, साहेब?”

“पाठवा.”

त्यांनी स्कॅन केला, नंबर दिला, रजिस्टरात ओळ घातली. साहेब यादीवर नजर लावून उभे राहिले. तारमास्तर त्यांच्यामागे उभा होता, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोराप्रमाणे. ‘चाललाय’. एक किरकिर. दुसरी. तिसरी. चार सत्तावन्नला हिरवं उमटलं. गेला.

“गेला,” साहेब म्हणाले, आणि थर्मास धुवायला निघून गेले.

तारमास्तर जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसला. पडद्यावर आता दोन पिवळे चौकोन होते. पहिल्यात त्याचा अर्ज. दुसऱ्यात साहेबांची माघार. दोन्हीखाली तेच: तीन प्रयत्न, लाइन गुंतलेली. म्हणजे अर्जही गेला नव्हता आणि माघारही गेली नव्हती. जो कागद पोचलाच नाही तो मागे घेतला काय आणि न घेतला काय. त्याला हसू आलं, ते रडण्याच्या इतकं जवळचं होतं की त्याने तोंडावर हात धरला. आता लेकीला फोन करून सांगायचं, की बाबा अजूनही महिन्यातले दोनच रविवार आहे.

दारात जावकबाई उभ्या होत्या, रजिस्टर छातीशी धरून.

“हे बघून घ्या,” त्यांनी पान उघडलं.

शेवटून दुसरी ओळ. कागदाचा विषय, नंबर, पाठवल्याची वेळ चार वीस, ती खोडून त्याखाली चार बत्तीस. आणि शेवटच्या रकान्यात, ज्याच्यावर त्याची सहा वर्षांत कधी नजर पडली नव्हती, बारीक अक्षरात: ‘मिळाला, ४.३६, हेड ऑफिस, आवकच्या ताई, पानं दोन, सही स्पष्ट.’

“पहिल्यांदा नव्हता गेला,” बाई म्हणाल्या. “फोन करून विचारलं. नाही म्हणाल्या. मग परत पाठवला आणि परत विचारलं. आता गठ्ठ्यात लावलाय म्हणाल्या.”

त्याने पान मागे उलटलं, अजून मागे. प्रत्येक ओळीच्या शेवटी नाव आणि वेळ. बंदराचं फाटक, व्यापारी, बँका. महिनाभरात जिथे जिथे पिवळा चौकोन उघडला होता, तिथे तिथे वेळ खोडून दुसरी घातलेली.

“तुम्हाला ठाऊक होतं? हिरवं खोटं आहे ते?”

“खोटं-खरं मला काय कळतंय? सिग्नल हिरवा असला तरी मी दोन्हीकडे बघूनच रस्ता ओलांडते. एकोणीस वर्षं झाली, पाठवला की फोन करते. नाही मिळाला म्हणाले तर परत पाठवते. मला वाटलं, मशीनची पद्धतच तशी असेल.”

म्हणजे त्याने जे जिवापाड लपवलं, ते बाईंच्या टेबलावर उघड्या पानावर पडलं होतं. महिनाभर मशीन खरोखरच त्याच्याशिवाय चाललं होतं. तो संध्याकाळी जे पाठवत होता ते आधीच पोचलेले कागद होते, दुसऱ्यांदा. तक्रारी आल्या होत्या त्या याच्याच. त्याला बायकोची, लेकीची, वाया गेलेल्या रविवारांची अशी काही आठवण दाटून आली की क्षणभर पडदा दिसेना. एवढी वर्षं त्याला वाटत होतं की बेडीची चावी साहेबांकडे आहे.

“हा दुसरा,” बाईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. साहेबांची माघार. चार सत्तेचाळीस. शेवटचा रकाना कोरा. “याचा फोन करायचा राहिलाय.”

भिंतीवरच्या घड्याळात चार अठ्ठावन्न झाले होते. पिवळ्या चौकोनात ‘पुन्हा पाठवा’ हे बटण होतं. सहा वर्षांत त्याने एकही चौकोन तसाच ठेवला नव्हता. सवयीने हात पुढे गेला, बटणापर्यंत पोचला. मग त्याने तो मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, लहान मुलं धरतात तसे.

बाई दारातच उभ्या होत्या. फोन त्यांच्या टेबलावर, चार पावलांवर.

“आमचे हे बारा वर्षं परगावी नोकरीला होते,” त्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या. “परत आले तेव्हा लेक सासरी गेलेली.”

मोडेमचा दिवा एकटाच लुकलुकत होता. चार एकोणसाठ झाले.

साहेब धुतलेला थर्मास रुमालाने पुसत आले आणि जाता जाता दारातून डोकावले. “काय बाई, सगळं गेलं ना?”

जावकबाईंनी पेनला टोपण लावलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एका ओळीचा शेवटचा रकाना कोरा ठेवून रजिस्टर मिटलं.

“यादीत हिरवं आहे, साहेब.”

“मग झालं तर,” साहेब म्हणाले. बाहेरच्या घड्याळाने पाचचे ठोके द्यायला सुरुवात केली. ठोके संपेपर्यंत तारमास्तरने हात मांडीखालून काढले नाहीत.